कै. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी आणि सर्वांचा फुटबॉल

मृगाचा पाऊस पडून गेला म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानाला नवा जीव येतो. सकाळीं चिखल, दुपारीं चिखल आणि संध्याकाळीं त्या चिखलांत लोळणारीं मुलें, असें तें दृश्य प्रतिवर्षीं पाहण्याचें भाग्य आम्हांला लाभतें. फुटबॉलचा चेंडू मैदानांत पडला रे पडला कीं पंचवीस-तीस मुलें त्याच्यामागें धांवूं लागतात. कोणाचे वडील काय करतात, कोणाचें आडनांव काय, कोण कोणत्या आळींत राहतो, हें त्या चेंडूला ठाऊक नसतें. परंतु चेंडूला जें ठाऊक नसतें तें माणसांना पुरतेंपणीं ठाऊक असतें; आणि म्हणूनच मैदानाच्या कडेला नुसतें पाहत उभें राहणारें एखादें मूल प्रत्येक गांवीं व प्रत्येक शाळेंत आढळतें. अशा कडेला उभ्या असलेल्या एका मुलासाठीं ज्यानें स्वतः कष्टानें उभारलेली संस्था मोडून टाकली, त्या पुरुषाचें चरित्र यंदाच्या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगावें असें आम्हीं योजिलें आहे. हें चरित्र आम्हांला यंदाच कां आठवलें, तें शेवटीं सांगूं.

नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांचा जन्म 1869 सालीं कलकत्ता येथें झाला. त्या शहराला आतां कोलकाता म्हणतात. परंतु ज्या काळची ही कथा आहे त्या काळीं तें कलकत्ता होतें व सर्व हिंदुस्थानची राजधानीही होतें. त्यांचे वडील डॉ. सूर्यकुमार सर्वाधिकारी हे तेथील नामांकित डॉक्टर. घरांत विद्येचें मोठें वातावरण. नगेंद्रप्रसादांचे एक बंधु देवप्रसाद हे पुढें कलकत्ता विश्वविद्यालयाचे कुलगुरु झाले. दुसरे बंधु सुरेशप्रसाद यांनीं शस्त्रवैद्य म्हणून लौकिक मिळविला. अशा घरच्या मुलानें ग्रंथ हातीं धरावा, पायांनीं चेंडू लाथाडीत फिरूं नये, असेंच कोणीही म्हटलें असतें.

परंतु मुलांच्या आयुष्याला वळण केव्हां व कोठें लागेल हें सांगतां येत नाहीं. 1877 सालची गोष्ट. नगेंद्रप्रसादांचें वय त्या वेळीं आठ वर्षांच्या आसपास होतें. एके दिवशीं ते आपल्या मातोश्रींबरोबर गाडींत बसून गंगेकडे निघाले होते. कलकत्त्यास फोर्ट विल्यम किल्ल्याभोंवतीं फार विस्तीर्ण मोकळी जागा आहे. तिला सर्व लोक नुसतें मैदान म्हणतात. त्या मैदानावर कांहीं गोरे शिपाई चेंडू खेळत होते. पायांनीं खेळावयाचा हा चेंडूचा प्रकार त्या मुलानें पूर्वीं पाहिलेला नव्हता. गाडी थांबवून तो खालीं उतरला आणि कुतूहलानें कडेला जाऊन उभा राहिला. इतक्यांत चेंडू घरंगळत त्याच्याजवळ आला. त्यानें तो उचलून घेतला, आणि एका शिपायानें तो पायानें परत मारण्यास सांगितलें. मुलानें चेंडू मारला. हिंदी मनुष्यानें फुटबॉलला मारलेली ही पहिली लाथ, असें बंगालमध्यें आजही कौतुकानें सांगतात. पहिली कीं दुसरी याचा निर्णय कोण करणार? परंतु मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका परक्या मुलाला खेळणाऱ्यांनीं क्षणभर खेळांत घेतलें, हें मात्र खरें. आणि त्या मुलानें तें जन्मभर मनांत धरलें, हें त्याच्या पुढील चरित्रावरून दिसून येतें.

नगेंद्रप्रसाद हेअर स्कूल या शाळेंत शिकत होते. त्यांनीं मैदानावर पाहिलेल्या खेळाचें वर्णन वर्गांतील सोबत्यांना सांगितलें. सोबती उत्सुक झाले. परंतु चेंडू कोठून आणावयाचा? तेव्हां मुलांनीं आपसांत वर्गणी गोळा केली, दुकान गांठलें, आणि चेंडू विकत घेऊन ते विजयी मुद्रेनें परतले. शाळेच्या आवारांत खेळ सुरू झाला. त्यांत नियम असा कोणताच नव्हता. सर्वांनीं चेंडूवर एकदम तुटून पडावें, एवढाच काय तो नियम. हेअर स्कूलच्या शेजारींच त्या वेळीं प्रेसिडेन्सी कॉलेज होतें. तेथील स्टॅक नांवाच्या एका प्राध्यापकांनीं हा गोंधळ पाहिला आणि ते जवळ येऊन पाहतात तों मुलांनीं आणलेला चेंडू फुटबॉलचा नसून रग्बीचा आहे! रग्बीचा चेंडू दोन्ही टोंकांस निमुळता असतो व तो हातांत घेऊन पळावयाचें असतें. आमच्या वाचकांनीं या मुलांना हंसूं नये. इंग्लंडांतसुद्धां या दोन खेळांची फारकत होऊन त्या वेळीं फार वर्षें झालेलीं नव्हतीं. फुटबॉलची संघटना व तिचे नियम लंडन येथें 1863 सालीं झाले, आणि रग्बीवाल्यांनीं आपली निराळी संघटना 1871 सालीं स्थापिली. मग कलकत्त्याच्या शाळकरी मुलांना हा भेद कोठून कळावा?

स्टॅकसाहेबांनीं मुलांना हांकलून दिलें नाहीं. त्यांनीं त्यांना फुटबॉलचा खरा चेंडू दिला आणि खेळ कसा खेळावा हेंही शिकविलें. शिक्षक या नात्यानें आम्हांला या प्रसंगाचें विशेष महत्त्व वाटतें. ज्यांना मुलांना खेळ शिकवावयाचा आहे त्यांनीं प्रथम मुलांची चूक पाहून न हंसण्याची कला शिकली पाहिजे.

येथें एक लहानशी तुलना करावीशी वाटते. त्याच सुमारास कलकत्त्याच्या गोऱ्या लोकांचा एक रग्बीचा क्लब मोडला. क्लबाच्या बँकेंत शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांचा एक सुंदर पेला घडविण्यांत आला व तो 1878 सालीं इंग्लंडांतील रग्बीच्या संघटनेस अर्पण केला गेला. इंग्लंड व स्कॉटलंड या देशांचे संघ आजतागायत त्या कलकत्ता-पेल्यासाठीं झुंजतात. एकीकडे रुपये वितळवून पेला घडविणारे श्रीमंत क्लब आणि दुसरीकडे वर्गणी जमवून चुकीचा चेंडू आणणारीं मुलें! परंतु हिंदुस्थानांत जो खेळ घरोघर जाऊन रुजला तो त्या पेल्यांतून नव्हे, या वर्गणींतून.

याचें कारणही उघड आहे. क्रिकेटला बॅट पाहिजे, यष्ट्या पाहिजेत, पायांना पॅडें व हातांना मोजे पाहिजेत, आणि सपाट केलेली खेळपट्टी पाहिजे. टेनिसला तर याहूनही खर्च अधिक. फुटबॉलचें तसें नाहीं. वीस-बावीस मुलांमध्यें एक चेंडू पुरतो. गोलाचे खांब नसले तर दोन दगड ठेवावेत, दगड नसले तर दोन दप्तरें. विटीदांडू, हुतुतू, आट्यापाट्या हे आपले खेळ गरिबांच्या मुलांत टिकून राहिले ते ज्या गुणामुळें, तोच गुण या परदेशी खेळांत होता. नगेंद्रप्रसादांनीं तो बालपणींच अनुभवानें ओळखला.

हेअर स्कूलच्या या मुलांनीं जें मंडळ काढलें त्याचें नांव बॉइज क्लब. हिंदी लोकांनीं फुटबॉलसाठीं काढलेली ही पहिलीच संस्था, असें या खेळाचा इतिहास लिहिणारे मानतात. पुढें नगेंद्रप्रसाद प्रेसिडेन्सी कॉलेजांत गेले तरी हें वेड सुटलें नाहीं, उलट वाढलें. जेथें चार तरुण भेटतील तेथें खेळाचें मंडळ काढावें, असा त्यांनीं सपाटाच लावला. त्या काळीं बंगाली मनुष्य म्हणजे बुद्धीनें तीक्ष्ण परंतु शरीरानें दुबळा, अशी निंदा इंग्रज अधिकारी व ग्रंथकार उघडपणें करीत. ती निंदा बंगाली तरुणांच्या मनाला फार झोंबत असे. तिला शब्दांनीं उत्तर न देतां मैदानावर उत्तर द्यावें, हा नगेंद्रप्रसादांचा मार्ग होता. ते स्वतः जोरकस खेळत, आणि संघ बांधण्याचें त्यांचें कौशल्य तर असामान्य होतें. त्यांनीं स्थापिलेल्या मंडळांपैकीं वेलिंग्टन क्लब हा विशेष भरभराटीस आला. फुटबॉलखेरीज क्रिकेट, रग्बी इत्यादि इतर खेळही तेथें चालत. चांगल्या घराण्यांतील पुष्कळ तरुण त्याचे सभासद होते.

आतां आम्ही या चरित्रांतील मुख्य प्रसंगाकडे येतों.

मणि दास नांवाचा एक तरुण होता. तो उत्तम खेळत असे. नगेंद्रप्रसादांनीं त्याला वेलिंग्टन क्लबांत घेण्याचें ठरविलें. परंतु मणि दास हा कुंभाराचा मुलगा होता, आणि एवढें कळतांच क्लबांतील उच्चकुलीन सभासदांनीं हरकत घेतली. कुंभाराच्या मुलानें आपल्या बरोबरीचा सभासद व्हावें हें त्यांना खपेना.

वाचकहो, यांतील विसंगति पाहा. कलकत्त्यास कुमारटुली नांवाचा कुंभारांचा मोठा मोहल्ला आहे. शहरांतील श्रीमंतांच्या वाड्यांत दुर्गापूजेच्या वेळीं ज्या मूर्ति बसवितात त्या त्या मोहल्ल्यांतील कुंभारांच्या हातांनीं घडलेल्या असतात. कुंभारानें घडविलेल्या मूर्तीपुढें हात जोडावयाचे, कुंभारानें घडविलेल्या घागरींतील पाणी प्यावयाचें, आणि कुंभाराच्या मुलाबरोबर चेंडू खेळावयाचा म्हटला कीं कुल आठवावयाचें! आपल्या गांवोगांवच्या बलुतेदारांना आपण कसें वागविलें हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना बंगालची ही गोष्ट दूरची वाटणार नाहीं.

नगेंद्रप्रसादांपुढें त्या वेळीं दोन-तीन वाटा होत्या. मणि दासला गुपचूप सांगावयाचें कीं बाबा, तूं दुसरीकडे खेळ. हें सर्वांत सोपें. किंवा असें करावयाचें कीं सामन्यापुरतें त्याला खेळूं द्यावें, परंतु सभासदांच्या नोंदवहींत त्याचें नांव घालूं नये. हेंही त्या काळच्या रीतीला धरून झालें असतें. क्लब मोठा होता, नांवारूपाला आलेला होता; एका मुलासाठीं एवढ्या मोठ्या संस्थेंत फूट पाडणें शहाणपणाचें नव्हे, असें सांगणारे स्नेही अशा वेळीं नेहमींच भेटतात. परंतु नगेंद्रप्रसादांनीं यांतील कोणतीच वाट धरली नाहीं. ज्या मंडळांत खेळाडूचें कुल पाहिलें जातें तें मंडळ खेळाचें नव्हे, असें त्यांचें मत होतें, आणि त्यांनीं तें कृतींत उतरविलें. वेलिंग्टन क्लब त्यांनीं मोडून टाकला.

त्या वेळीं त्यांचें वय विशीच्या आसपास होतें. त्या वयांत आपण उभारलेलें काम आपणच मोडणें किती कठिण असतें याचा विचार आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं करावा. परक्यानें आपलें काम मोडलें तर निदान रागावतां तरी येतें. येथें तेंही समाधान नव्हतें.

एक संस्था मोडली, परंतु तिच्या जागीं दुसरी उभी राहिली. शोभाबाजारच्या देव नांवाच्या प्रख्यात राजघराण्याशीं नगेंद्रप्रसादांचा विवाहसंबंध जुळला होता. त्या घराण्याच्या साहाय्यानें 1880 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं शोभाबाजार क्लब स्थापन केला. कुचबिहारचे महाराज नृपेंद्रनारायण यांचाही या क्लबास आश्रय मिळाला. येथें जात, कुल अथवा धंदा पाहावयाचा नाहीं, हें प्रथमपासून ठरलेलें होतें. मणि दास हा या क्लबाचा सभासद झाला. वेलिंग्टन क्लबाच्या मध्यमवर्गीय सभासदांना जो मुलगा चालला नाहीं तो राजवाड्याच्या नांवानें चालणाऱ्या क्लबांत सन्मानानें दाखल झाला. पुढें हाच मणि दास मोहन बागान या विख्यात क्लबाचा नामांकित खेळाडू म्हणून गाजला.

असा सर्वांना सामावून घेणारा संघ दुबळा पडतो, असा कित्येकांचा समज असतो. शोभाबाजारच्या संघानें तो खोटा ठरविला. 1889 सालीं कलकत्त्यास ट्रेड्स कप या नांवाची स्पर्धा सुरू झाली. तींत गोऱ्यांच्या संघांविरुद्ध उतरण्याचें धैर्य शोभाबाजारनें दाखविलें. आरंभीं अर्थातच हार झाली. परंतु 1892 सालीं त्याच स्पर्धेंत शोभाबाजारनें ईस्ट सरे रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाचा 2 विरुद्ध 1 गोलांनीं पराभव केला. हिंदी संघानें स्पर्धेच्या सामन्यांत गोऱ्या संघावर मिळविलेला हा पहिला विजय. पुढच्याच वर्षीं, म्हणजे 1893 सालीं, इंडियन फुटबॉल असोसिएशन ही संस्था कलकत्त्यास स्थापन झाली. तिच्या स्थापनेच्या खटपटींत गोऱ्या मंडळींच्या बरोबरीनें नगेंद्रप्रसादांचा भाग होता. या संस्थेच्या शील्डसाठीं होणारी स्पर्धा त्याच वर्षीं सुरू झाली, आणि तींतही शोभाबाजारचा संघ उतरला.

याच काळांत आपल्या महाराष्ट्रांत काय चाललें होतें, याचीही आठवण ठेवली पाहिजे. चांभार कुळांत जन्मलेले पळवणकर बाळू हे पुण्यास गोऱ्या लोकांच्या क्लबांत मैदानाची निगा राखण्याचें काम करीत व खेळाडूंना सरावासाठीं चेंडू टाकीत. त्यांच्या गोलंदाजीची कीर्ति पसरली तेव्हां हिंदु क्लबानें त्यांना संघांत घेतलें. परंतु चहाच्या वेळीं त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत, वेगळा चहा देत. चेंडू टाकण्यापुरते ते हिंदु, चहा पिण्यापुरते ते अस्पृश्य! संघांत घ्यावयाचें पण पंगतींत घ्यावयाचें नाहीं, ही जी मधली वाट पुण्याच्या मंडळींनीं धरली, तीच कलकत्त्यास नगेंद्रप्रसादांना धरतां आली असती. त्यांनीं ती धरली नाहीं, म्हणूनच त्यांचें मोठेपण आम्हांला 1892 च्या त्या विजयापेक्षांही अधिक वाटतें. पळवणकर बाळू यांनीं पुढें 1911 सालीं हिंदी संघाबरोबर इंग्लंडला जाऊन शंभरावर बळी घेतले आणि आपल्या कर्तृत्वानें सर्वांची तोंडें बंद केलीं, हें आमच्या वाचकांना माहीत असेलच.

तें 1911 साल फुटबॉलच्या इतिहासांतही चिरस्मरणीय झालें. त्या वर्षीं 29 जुलै रोजीं मोहन बागानच्या संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2 विरुद्ध 1 गोलांनीं पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. गोऱ्यांचे अकराही खेळाडू बूट घालून खेळत होते. मोहन बागानचे दहा जण अनवाणी होते. बूट घालणारा एकटा होता, तो म्हणजे सुधीर चतर्जी हा ख्रिस्ती तरुण. ते भवानीपूर येथील मिशन कॉलेजांत शिकवीत असत. आमच्यासारख्या मिशन शाळेंतील शिक्षकाला या गोष्टीचा किंचित् अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. या विजयाच्या वेळीं मैदानावर लोटलेल्या गर्दींत सर्व जातींचे व धर्मांचे लोक होते. त्या यशाचा पाया ज्यांनीं घातला त्यांच्यांत नगेंद्रप्रसादांचें नांव अग्रभागीं आहे.

नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी 1940 सालीं निवर्तले. भारतीय फुटबॉलचे जनक असें त्यांना म्हणतात. 2021 सालीं त्यांच्या जीवनावर गोलंदाज नांवाचा बंगाली चित्रपटही निघाला. परंतु ज्यांना त्यांचें खरें स्मारक पाहावयाचें असेल त्यांनीं चित्रपटगृहांत न जातां एखाद्या संध्याकाळीं मुलांच्या मैदानावर जावें, आणि तेथें कोण खेळत आहे हें पाहण्यापेक्षां कोण खेळत नाहीं हें पाहावें.

आतां हें चरित्र आम्हांला यंदा कां आठवलें, तें सांगतों. त्यांत आमचाच एक दोष कबूल करावयाचा आहे.

गेल्या पावसाळ्यांत खेळांची व्यवस्था आमच्याकडे होती. फुटबॉलच्या संघासाठीं नांवें मागवितांना आम्हीं फळ्यावर एक सूचना लिहिली : ज्यांना खेळावयाचें आहे त्यांनीं आपले बूट, मोजे व नडगीचीं गार्डें घेऊन यावें. सूचना लिहितांना तींत कांहीं वावगें आहे असें आम्हांला वाटलें नाहीं. हल्लींच्या नियमांप्रमाणें बुटांशिवाय व गार्डांशिवाय सामन्यांत उतरतां येत नाहीं, आणि तें योग्यही आहे. अनवाणी पायावर बुटाचा खिळा बसला म्हणजे काय होतें तें आम्हीं पाहिलेलें आहे. सातवींतील एक मुलगा तीन दिवस मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखालीं येऊन उभा राहिला. चवथ्या दिवशीं तो आला नाहीं. आम्हीं त्याची विचारपूस केली नाहीं. पुढील आठवड्यांत वर्गांत नगेंद्रप्रसादांची ही गोष्ट आम्ही मोठ्या रसानें सांगत असतां, एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें कीं मग आपल्या वर्गांतील अमुक मुलाला कां घेतलें नाहीं. तो तर आळींत सर्वांत चांगला खेळतो. त्या मुलाची आई चार घरचीं कामें करून संसार चालविते. बुटांचें नांव काढण्याचेंही त्याला धैर्य झालें नव्हतें.

आम्हांला वर्गांत फार लाज वाटली. वेलिंग्टन क्लबाच्या सभासदांना आम्हीं नांवें ठेवलीं होतीं. आणि आमच्या फळ्यावरील तीन शब्दांनीं तेंच काम केलें होतें. त्यांनीं निदान तोंडानें नको म्हटलें. आम्हीं तें न बोलतां म्हटलें.

त्याच सायंकाळीं ती सूचना आम्हीं पुसली. शाळा सोडून गेलेल्या व पाय वाढलेल्या मुलांकडून जुने बूट मागविले. पहिल्या महिन्यांत अकरा जोड जमले. त्यांपैकीं दोन केवळ डाव्या पायाचेच निघाले व ते चांभारदादांच्या उपयोगीं पडले. उरलेले नऊ जोड धुऊन, शिवून खेळाच्या खोलींतील कपाटांत ठेवले आहेत. ज्याला पाहिजे त्यानें खेळाच्या वेळीं घ्यावेत, खेळ संपल्यावर चिखल काढून परत ठेवावेत. कोणीं घेतले याची नोंद ठेवीत नाहीं. ज्यांच्या घरीं नवे बूट आहेत तीं मुलेंही कधीं कधीं हे जुने बूट घालतात. त्यामुळें कपाटांतले बूट घालणारा तो गरीब, अशी खूण राहत नाहीं. ही युक्ति आमची नव्हे, मुलांचीच आहे. तो सातवींतील मुलगा दुसऱ्या आठवड्यांत परत आला. तो संघाचा तारा वगैरे झाला नाहीं; मागच्या फळींत तो इमानानें खेळतो, एवढेंच. तो तारा झाला असता तरच त्याला घेणें योग्य ठरलें असतें, असें मात्र कोणीं समजूं नये.

पालकांना आमची एक विनंति आहे. हल्लीं शहरांतून फुटबॉल शिकविण्याचे वर्ग निघाले आहेत. तेथें महिन्याची फी असते. हिरव्या कृत्रिम गवताचीं टर्फ मैदानें तासाच्या भाड्यानें मिळतात. ज्यांना तें शक्य आहे त्यांनीं आपल्या मुलांना अवश्य पाठवावें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु खेळ म्हणजे पैसे मोजून घ्यावयाची वस्तु, अशी समजूत मुलांची होऊं देऊं नये. आपल्या मुलाला लहान झालेले बूट माळ्यावर टाकण्यापूर्वीं शाळेकडे पाठवावेत. आणि मुलींच्या पालकांना विशेष सांगावयाचें तें हें कीं, नगेंद्रप्रसादांच्या काळीं मुलींना या खेळांत जागा नव्हती, हें त्या काळाचें उणें होतें. तें आपण चालूं ठेवण्याचें कारण नाहीं. मुलींच्या मापाचे बूट आमच्या कपाटांत अद्याप दोनच जोड आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं सर्वांना मोठ्या संस्था काढण्याचा किंवा मोडण्याचा प्रसंग येणार नाहीं. परंतु संध्याकाळीं संघ पाडतांना, कोणाला घ्यावयाचें व कोणाला नाहीं, हा प्रसंग तुमच्यावर रोज येतो. त्या वेळीं कडेला कोणी उभें आहे काय, तें एकदां पाहावें. एका शिपायानें कडेच्या मुलाला चेंडू मारूं दिला. त्या मुलानें मोठें झाल्यावर कुंभाराच्या मुलाला मैदानांत घेतलें. तो चेंडू आतां तुमच्या पायांशीं आहे. पावसाळा पुन्हां येतच आहे. ईश्वर तुम्हां सर्वांना भरपूर खेळण्याची आणि सोबत्यांना खेळांत घेण्याची बुद्धि देवो.